मंगळवार पेठेतील जनऔषधी केंद्र : दर, दर्जा आणि पाकिटामागचा बारीक मजकूर

ज्या घरात रक्तदाबाची, मधुमेहाची आणि कोलेस्टेरॉलची औषधे महिन्याच्या वाणसामानाइतक्याच नेमाने आणावी लागतात, त्या घराला औषधाच्या दुकानाची पारख करावीच लागते. आमचे घर अशांपैकी एक आहे. आईला रक्तदाब आणि मधुमेह, वडिलांना कोलेस्टेरॉल, पत्नीला थायरॉइड. यांपैकी बहुतेक औषधे आम्ही दोनेक वर्षांपासून कोल्हापुरातील मंगळवार पेठेच्या बाजूच्या एका जनऔषधी केंद्रातून, म्हणजे स्वस्त जेनेरिक औषधांच्या सरकारी योजनेतील दुकानातून, आणतो. या केंद्राविषयी लिहावे असे वाटण्याचे कारण म्हणजे शेजारीपाजारी, नात्यागोत्यात विषय निघाला की प्रत्येक जण तोच प्रश्न विचारतो : "एवढं स्वस्त कसं काय? गुण येतो का त्या गोळ्यांनी?" शंका दुकानाविषयी नसते, तिथे मिळणाऱ्या औषधाविषयी असते. म्हणून दुकानाच्या गुणदोषांबरोबर त्या औषधाविषयीही लिहिणे मला भाग आहे.

दुकान एका गाळ्याचेच आहे. दर्शनी भिंतीवर परवाना आणि फार्मासिस्टच्या नोंदणीचे प्रमाणपत्र लावलेले आहे, आणि ज्यांचे नाव त्या प्रमाणपत्रावर आहे त्या मॅडम दुकानात प्रत्यक्ष हजर असतात. ही गोष्ट कायद्याने सक्तीची असली तरी सगळीकडे पाळली जातेच असे नाही, त्यामुळे तिची नोंद करावीशी वाटते. इतर मेडिकलमध्ये कप्पे कंपन्यांप्रमाणे लावलेले असतात, येथे ते औषधाच्या मूळ नावाच्या, म्हणजे त्यातील कार्यकारी घटकाच्या नावाच्या, वर्णक्रमाने लावलेले आहेत, आणि ॲम्लोडिपिन, ॲटोर्वास्टॅटिन, ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन अशी नावे पुठ्ठ्यावर लिहून चिकटवलेली आहेत. इन्सुलिनसाठी वेगळा फ्रीज आहे आणि त्यात तापमापक टांगलेला दिसतो. हे औषध दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्येच राहायला हवे, त्यामुळे फ्रीज आहे एवढे पुरत नाही, आतले तापमान कोणीतरी पाहते आहे हेही दिसायला हवे. कोल्हापूरच्या पावसाळ्यात भिंतींना धरणारी ओल आपल्याला नवी नाही, आणि ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ च्या महापुरानंतर तर जमिनीलगत माल ठेवणे कोणालाच परवडणारे नाही. येथे मांडण्या जमिनीपासून चांगल्या उंच आहेत आणि खोकी भिंतीला टेकवून ठेवलेली नसतात. औषध ज्या वातावरणात राहते त्यावर त्याचा दर्जा टिकणे अवलंबून असते, म्हणून मी हे आवर्जून पाहतो.

पहिल्यांदा गेलो तेव्हा आईच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचे नेहमीचे ब्रँडेड पाकीट सोबत नेले होते. मॅडमनी ते हातात घेतले, आपल्याकडचे एक पाकीट काढले आणि दोन्ही काउंटरवर शेजारी शेजारी पालथी ठेवली. "आधी मागची बाजू वाचा काका, किंमत मग बघू," असे त्या म्हणाल्या. दोन्हींवर एकच ओळ होती : टेल्मिसार्टन टॅब्लेट्स आय. पी., ४० मिलिग्रॅम. ब्रँडेड पाकिटावर ही ओळ आणि कंपनीने ठेवलेले नाव अशी दोन नावे होती, जनऔषधीच्या पाकिटावर फक्त मूळ नाव आणि योजनेचे चिन्ह. ब्रँडेड पाकिटावर आणखी खाली बारीक अक्षरांत निर्मिती करणाऱ्या कारखान्याचे नाव आणि पत्ता वेगळा, विक्री करणाऱ्या कंपनीचे नाव वेगळे. कारखाना हिमाचल प्रदेशातील बद्दी येथील, आणि ज्या कंपनीच्या नावावर विश्वास ठेवून आम्ही इतकी वर्षे ती गोळी घेत होतो, तिचा नव्हेच. दुसऱ्या पाकिटावरचा कारखाना वेगळा होता, पण गाव तेच. आपल्या देशातील औषध उद्योगात हे अगदी रोजचे आहे. अनेक मोठ्या कंपन्या आपल्या गोळ्या दुसऱ्या कारखान्यांकडून करारावर बनवून घेतात, आणि तेच कारखाने सरकारी निविदांसाठीही माल बनवतात.

त्या ओळीतील 'आय. पी.' ही अक्षरे म्हणजे भारतीय औषधकोश. ज्या गोळीवर ती छापलेली आहे, ती गोळी या कोशातील कसोट्यांना उतरायलाच हवी, मग ती दोन रुपयांची असो की वीस रुपयांची. गोळीत औषधाचे प्रमाण किती असावे, ती किती वेळात विरघळावी, त्यात अशुद्धी किती चालतील, हे सारे तेथे ठरवून दिलेले असते. अनेक गोळ्यांसाठी छापील प्रमाणाच्या ९० ते ११० टक्क्यांच्या आत औषध असावे अशी मर्यादा असते. म्हणजेच ब्रँडेड गोळीच्याही दोन बॅचमध्ये थोडा फरक कायद्यानेच मान्य केलेला आहे. एकाच घटकाच्या औषधावर आता मूळ नाव ब्रँडच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापावे लागते, त्यामुळे हे वाचन पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. चष्मा लावून एकदा तरी आपल्या घरातील प्रत्येक पाकिटाची मागची बाजू वाचून पाहावी.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. एखादे नवे औषध शोधणारी कंपनी त्यावर पेटंट घेते. पेटंटचा काळ वीस वर्षांचा असतो आणि तो अर्ज केल्यापासून मोजला जातो, त्यामुळे चाचण्या उरकून औषध बाजारात येईपर्यंत त्यातली बरीच वर्षे सरलेली असतात. मुदत संपली की इतर उत्पादकांना तेच औषध बनवता येते, आणि तसे बनवलेले औषध म्हणजे जेनेरिक. त्यात मूळ औषधातलाच कार्यकारी घटक, तेवढ्याच प्रमाणात, त्याच स्वरूपात असावा लागतो. भराव, रंग, बाहेरचे आवरण आणि आकार निराळे असू शकतात. शोधासाठी आणि हजारो रुग्णांवरील मूळ चाचण्यांसाठी आलेला खर्च जेनेरिक बनवणाऱ्याला पुन्हा करावा लागत नाही. औषध प्रभावी आहे की नाही हे आधीच सिद्ध झालेले असते, त्याला फक्त आपली गोळी शरीरात तितकेच औषध तितक्याच वेगाने पोहोचवते हे दाखवायचे असते.

भारतात एक महत्त्वाचा फरक आहे आणि तो ध्यानात न घेतल्यामुळेच आपल्याकडे बराच गैरसमज पसरला आहे. १९७० चा पेटंट कायदा १९७२ मध्ये अमलात आला. त्यात औषधाच्या पदार्थावर पेटंट मिळत नव्हते, ते बनवण्याच्या पद्धतीवर मिळत होते. निराळ्या पद्धतीने तेच औषध बनवण्याची मुभा असल्यामुळे देशी कंपन्या उभ्या राहिल्या आणि जगाला औषधे पुरवू लागल्या. पदार्थावरचे पेटंट पुन्हा आले ते १ जानेवारी २००५ पासून. परिणामी आपण मेडिकलमधून आणतो त्या रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, पित्ताच्या बहुतेक गोळ्या मूळ शोधकर्त्या कंपनीच्या नसतातच. त्याही जेनेरिकच असतात, फक्त त्यांना एकेका कंपनीने आपापले नाव दिलेले असते. तेव्हा जनऔषधी केंद्रात गेल्यावर आपण 'अस्सल' सोडून 'नक्कल' घेतो असे मानणे वस्तुस्थितीला धरून नाही. नाव दिलेले जेनेरिक सोडून आपण नाव न दिलेले जेनेरिक घेत असतो. एवढे एक जरी आपल्या लोकांच्या मनात नीट ठसले, तरी कितीतरी घरांची ओढाताण कमी होईल असे मला मनापासून वाटते.

पेटंट संपल्यावर काय होते याचे अलीकडचे उदाहरण मधुमेहाच्या रुग्णांनी अनुभवलेले आहे. व्हिल्डाग्लिप्टिनचे पेटंट डिसेंबर २०१९ मध्ये संपले आणि पाहता पाहता अनेक कंपन्यांच्या गोळ्या बाजारात आल्या, दर कोसळले. सिटाग्लिप्टिनचे पेटंट जुलै २०२२ मध्ये संपले, आणि त्याच सप्टेंबरात जनऔषधी केंद्रांत ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या ६० रुपयांना मिळू लागल्या. आईच्या चिठ्ठीवर हे औषध होते, त्यामुळे हा आकडा आमच्या घरात पक्का लक्षात राहिला आहे.

जनऔषधी योजना २००८ ची. पहिले केंद्र त्या वर्षीच्या नोव्हेंबरात अमृतसरला सुरू झाले, आणि २०१५-१६ नंतर योजनेचे नाव बदलून तिचा विस्तार झाला. आज देशभरात पंधरा हजारांवर केंद्रे आहेत. दर ठरवण्याची रीत अशी की, बाजारातील आघाडीच्या तीन ब्रँडच्या सरासरी दराच्या निम्म्याहून अधिक दर ठेवायचा नाही. प्रत्यक्षात दर ५० ते ९० टक्क्यांनी कमी पडतो. केंद्र चालवणाऱ्याला छापील किमतीवर सुमारे २० टक्के मिळतात, म्हणजे दुकानदार पदरमोड करून समाजसेवा करतो आहे असे नाही. मग एवढा फरक येतो कोठून? सरकार एकगठ्ठा खरेदी करते, आणि वैद्यकीय प्रतिनिधींचे पगार, डॉक्टरांपर्यंत पोहोचण्याचा खर्च, नमुन्यांची पाकिटे, जाहिरात, मधल्या विक्रेत्यांच्या साखळ्या यांपैकी काहीच त्या किमतीत शिरत नाही. आमचे महिन्याचे औषधांचे बिल पूर्वी दोन हजारांच्या पुढे जात असे, आता ते साधारण सहा-सातशेत बसते. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरात या फरकाचा अर्थ निराळा सांगायला नको. परंतु याहून मोठी गोष्ट अशी की, महिनाअखेरीस गोळ्या संपल्या तर "पगार झाल्यावर आणू" असे म्हणून दोन-चार दिवस खाडा पाडण्याची सवय आमच्याकडे होती ती मोडली. रक्तदाबाच्या औषधाला असे खाडे पडणे हे ब्रँड आणि जेनेरिकमधल्या कोणत्याही संभाव्य फरकापेक्षा कितीतरी घातक आहे.

दर्जाविषयी मात्र भाबडेपणा नको. योजनेसाठी औषधे जागतिक आरोग्य संघटनेच्या उत्पादन-निकषांचे प्रमाणपत्र असलेल्या कारखान्यांकडून घेतली जातात आणि प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासूनच केंद्रांकडे पाठवली जाते, अशी व्यवस्था आहे. ही व्यवस्था चांगली आहे, तरी ती चुकणारच नाही असे कोणी म्हणू नये. केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला निकषांत न बसलेल्या औषधांची यादी प्रसिद्ध करते. ती अधूनमधून चाळल्यावर माझे मत असे झाले आहे की, तिच्यात बिननावाची औषधेही असतात आणि नामांकित ब्रँडही असतात. किंमत जास्त म्हणजे दर्जाची हमी, हे समीकरण त्या यादीत टिकत नाही. म्हणूनच बिलावर बॅच क्रमांक असणे मला मोलाचे वाटते. या केंद्रात प्रत्येक बिलावर औषधाचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत छापून मिळते. कितीही गर्दी असली तरी कोऱ्या कागदावर आकडेमोड करून पैसे घेतल्याचे मी येथे पाहिलेले नाही. उद्या एखाद्या बॅचबद्दल काही आढळले, तर आपल्या घरातले पाकीट त्यातले आहे का, हे त्यावरूनच कळणार आहे.

शरीरात औषध तितकेच पोहोचते का, याची चाचणी वेगळी असते. निरोगी स्वयंसेवकांना मूळ आणि जेनेरिक या दोन गोळ्यांपैकी आधी एक आणि काही दिवसांनी दुसरी देऊन त्यांच्या रक्तातील औषधाचे प्रमाण ठरावीक अंतराने मोजतात. दोन्हींच्या गुणोत्तराचा ९० टक्के विश्वासाचा पट्टा, म्हणजे चाचणीतील अनिश्चितता धरून खरे गुणोत्तर ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असावे तो पट्टा, ८० ते १२५ टक्के या मर्यादेच्या संपूर्णपणे आत बसावा लागतो. या आकड्यांवरून "जेनेरिकमध्ये वीस टक्के औषध कमी असलं तरी चालतं" असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. सुशिक्षित माणसांच्या तोंडूनही मी तो ऐकला आहे, आणि तो साफ चुकीचा आहे. संपूर्ण पट्टा त्या मर्यादेत बसवायचा तर प्रत्यक्ष सरासरी फरक फारच लहान असावा लागतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९६ ते २००७ या काळातील २,०७० चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा रक्तात पोहोचलेल्या एकूण औषधातील सरासरी फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाला. आपल्याकडे पाण्यात सहज न विरघळणाऱ्या औषधांसाठी ही चाचणी नवीन परवाना देताना सक्तीची झाली ती एप्रिल २०१७ मध्ये. टेल्मिसार्टन आणि ॲटोर्वास्टॅटिन ही त्यात मोडणारी औषधे. त्याआधीच्या परवान्यांच्या बाबतीत ही अट इतकी कडक नव्हती. हा आपल्या व्यवस्थेतला खरा उणेपणा आहे, पण तो नाव असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही गोळ्यांना सारखाच लागू आहे, हे विसरून चालणार नाही. आईच्या बाबतीत आम्ही सरळ मार्ग धरला. गोळी बदलल्यावर पहिला महिनाभर सकाळ-संध्याकाळ घरीच रक्तदाब मोजून वहीत लिहिला आणि ती वही डॉक्टरांना दाखवली. आकड्यांत फरक नव्हता, तेव्हा पुढे चालू ठेवले.

काही औषधांची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि येथेच या केंद्राने माझा विश्वास मिळवला. पत्नीची थायरॉइडची गोळीही इथूनच घ्यावी म्हणून मी विचारले, तेव्हा मॅडमनी आधी तिचा त्रास आटोक्यात आहे का ते विचारले. तो आहे म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग वहिनींची गोळी आहे तीच चालू ठेवा. बदलायचीच झाली तर डॉक्टरांना सांगून बदला, आणि दीड-दोन महिन्यांनी रक्त तपासून घ्या." हातातली विक्री सोडून दिलेला हा सल्ला शास्त्राला धरून होता. लेव्होथायरॉक्सिनच्या मात्रेत अगदी थोडा फरक झाला तरी रक्तातील पातळी हलते. फिट्ससाठीचे फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन, रक्त पातळ ठेवणारे वॉर्फरिन, मनोविकारावरील लिथियम, मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांची टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन ही औषधेही याच प्रकारातील. यांत ब्रँडच घ्यावा असा नियम नाही, पण जो उत्पादक एकदा ठरला त्याच्यावर टिकून राहावे, दर महिन्याला दुकान आणि पाकीट बदलू नये, असा वैद्यकीय संकेत आहे. आमच्या घरात थायरॉइडची गोळी आजही जुन्याच दुकानातून येते.

गोळीचे स्वरूप हाही चुकीला वाव देणारा भाग आहे. मेटफॉर्मिन साधेही मिळते आणि हळूहळू सुटणारेही, आणि पाकिटावर नावापुढे एस. आर. असेल तर बदली गोळीही हळूहळू सुटणारीच असली पाहिजे. दोन-तीन औषधे एकाच गोळीत असलेल्या मिश्रणांबाबत तर जास्तच जपून राहावे लागते, कारण नेमके तेच मिश्रण, त्याच प्रमाणात येथे असेलच असे नाही. इन्सुलिनला जेनेरिकचा हिशेब लावता येत नाही. ते सजीव पेशींपासून तयार होते, त्याच्या दुसऱ्या कंपनीच्या रूपाला बायोसिमिलर म्हणतात आणि ते बदलण्याचा निर्णय पूर्णपणे डॉक्टरांचा.

रंगाचा प्रश्न लहान वाटतो, पण वयस्कर माणसांच्या घरात तो फार मोठा ठरू शकतो. आईची जुनी गोळी एका रंगाची होती, नवी पांढरी आली. जुन्या पाकिटात चार-पाच गोळ्या उरल्या होत्या, आणि दोन्ही वेगवेगळ्या असे समजून दोन्ही घेतल्या गेल्या असत्या तर रक्तदाब गरजेपेक्षा जास्त उतरू शकला असता. मॅडमना हा धोका माहीत होता. पहिल्या दिवशी पाकीट देतानाच त्यांनी काळ्या मार्करने त्यावर ठळक लिहून दिले : "बीपी – सकाळी १ – जुनी गोळी बंद." वडिलांच्या पाकिटावर "कोलेस्टेरॉल – रात्री १." आईला इंग्रजी वाचता येत नाही, पण हे वाचता येते. दुकानात गर्दी असतानाही प्रत्येक वयस्कर गिऱ्हाइकाला असे लिहून दिले जाते, हे मी रांगेत उभा राहून पाहिले आहे. माझ्या मते या केंद्राची सर्वांत मोलाची सेवा हीच आहे आणि तिचा बिलात एक पैसाही लागत नाही.

चिठ्ठीवर औषधाचे ब्रँडचे नावच लिहिलेले असेल तर काय, हा रोज उद्भवणारा पेच. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचे नाही असे जे औषध आहे, त्याच्या जागी फार्मासिस्टने आपल्या मनाने दुसरे औषध देऊ नये, घटक तोच असला तरी देऊ नये, अशी औषध नियमावलीत स्पष्ट तरतूद आहे. दुसरीकडे डॉक्टरांनी मूळ नावे, आणि तीही सुवाच्य अक्षरांत लिहावीत असे वैद्यकीय परिषदेच्या आचारसंहितेत सांगितलेले आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये हे आणखी कडक करणारे नियम आले आणि त्याच महिन्यात स्थगितही झाले. या ओढाताणीत रुग्ण मधल्या मधे अडकतो. एकदा राधानगरीकडचे एक आजोबा सीपीआर या सरकारी रुग्णालयातून तपासणी करून आणि वाटेत एका खासगी डॉक्टरांना दाखवून येथे आले होते. सरकारी चिठ्ठीवर मूळ नावे होती, ती औषधे लगेच मिळाली. खासगी चिठ्ठीवर ब्रँडचे नाव होते. "पोरी, गावाकडं एवढ्या लांब परत कवा येऊ मी? दे की तेवढंच," असे ते म्हणत होते. मॅडमनी त्यांना बाकावर बसवले, चिठ्ठीवरच्या नंबरवर फोन लावला, डॉक्टरांशी बोलल्या आणि त्यांनी मोबाइलवर पाठवलेली मूळ नावाची नवी चिठ्ठी पाहूनच औषध दिले. या सगळ्याला पंधरा मिनिटे गेली आणि मागे रांगेत कुजबुज सुरू झाली. तरीही नियम आणि माणूस अशा दोघांनाही सांभाळण्याची ही पद्धत मला योग्य वाटते. आपण स्वतः मात्र तपासणीच्या वेळीच "डॉक्टर, औषधाचं मूळ नावही लिहून द्या" अशी विनंती करावी. आमच्या डॉक्टरांनी ती विनाकुरकुर मान्य केली.

शहरात अलीकडे '७० टक्के सूट', '८० टक्के सूट' असे फलक लावलेली खासगी जेनेरिक दुकानेही निघाली आहेत आणि जनऔषधी केंद्राशी त्यांची गल्लत होते. या दुकानांत मिळणाऱ्या बऱ्याच मालावर छापील किंमत ब्रँडच्या बरोबरीची असते आणि दुकानदाराला तो फार कमी दरात पडलेला असतो. म्हणून सूट किती द्यायची हे त्याच्या हातात राहते, आणि ज्याला घासाघीस जमत नाही त्याला तीच गोळी जास्त दराने मिळते. ते औषध वाईट असते असे माझे म्हणणे नाही, सवलतीची टक्केवारी पाहून भुलू नये एवढेच म्हणणे आहे. एका गोळीचा दर काढावा आणि त्याचीच तुलना करावी. राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाच्या 'फार्मा सही दाम' या ॲपवर निरनिराळ्या ब्रँडचे दर पाहता येतात. 'जनऔषधी सुगम' या ॲपवर जवळचे केंद्र आणि औषधाचा योजनेतील दर सापडतो. मेटफॉर्मिन, ॲम्लोडिपिन, ॲटोर्वास्टॅटिन यांसारखी अत्यावश्यक यादीतील औषधे तर सरकारने ठरवलेल्या कमाल दरापेक्षा महाग कोणत्याच दुकानाला विकता येत नाहीत. जनऔषधी केंद्रात छापील किंमतच कमी असल्यामुळे सर्वांना एकच दर पडतो. अडाणी माणसाला एक आणि विचारपूस करणाऱ्याला दुसरा, असे होत नाही.

उणिवा आहेत आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. सर्वांत मोठी उणीव साठ्याची. योजनेच्या यादीत दोन हजारांवर औषधे असली तरी एका गाळ्यात ती सगळी असणे शक्य नाही, आणि नेहमीच्या मागणीचे औषधही कधी कधी संपलेले असते. वडिलांची गोळी एकदा अशीच मिळाली नाही आणि पुढच्या खेपेपर्यंत ब्रँडेड घ्यावी लागली. तेव्हापासून आम्ही पाकिटात आठवड्याभराच्या गोळ्या शिल्लक असतानाच जातो. मॅडम एका वहीत नेहमीच्या गिऱ्हाइकांची नावे आणि औषधे लिहून घेतात आणि माल आला की फोन करतात, त्यामुळे त्रास कमी झाला, संपला नाही. सकाळी अकरा ते एक या वेळेत दवाखान्यांतून सुटलेल्या लोकांची गर्दी असते, आणि त्या वेळी सविस्तर काही विचारायची सोय राहत नाही. दुपारी चारनंतर जावे. रविवारी दुकान बंद असते, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी ताप किंवा जुलाबासाठी येथे धाव घेऊन उपयोग नाही. घरपोच सेवा नाही. बसायला एकच बाक आहे आणि गुडघेदुखीच्या माणसांना रांगेत उभे राहणे कठीण जाते. आणखी दोन खुर्च्या ठेवणे फार अवघड नसावे.

आणि एक गोष्ट मला खरोखर खटकते. मॅडम जेवायला गेलेल्या असताना काउंटरवर बसणारा मदतनीस मुलगा औषध काढून देतो, पण पाकिटावर लिहून देत नाही आणि विचारलेल्या प्रश्नाला "तेच हाय ते" यापलीकडे उत्तर त्याच्याकडे नसते. मी हे मॅडमच्या कानावर घातले, तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. आता त्या नसताना नवीन चिठ्ठीचे औषध दिले जात नाही, थांबायला सांगतात. महिलांसाठी एक रुपयाला एक या दराने मिळणारे 'सुविधा' सॅनिटरी पॅड आणि ताप-खोकल्याची किरकोळ औषधे त्या वेळेतही मिळतात. कायमच्या आजाराची नवी चिठ्ठी घेऊन जाणार असाल, तर दुपारी दोन ते चार ही वेळ टाळा, जुने पाकीट न विसरता सोबत न्या, आणि थायरॉइड, फिट्स किंवा रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू असेल तर ते काउंटरवर सर्वांत आधी सांगा.